पिकोग्रॅम

गंगाखेडच्या बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानावर,
जिना चढून उजवीकडे माझी लॅब.
सकाळी सात ते दहा मी रक्त घेते.
पुरुषांचं हार्मोन सकाळीच भरात असतं,
दुपारपर्यंत उतरतं, बाजारातल्या कोथिंबिरीच्या भावासारखं.
म्हणून मुंजाजी पहिल्या गाडीनं आला राणीसावरगावहून,
बायकोला खाली रसवंतीच्या बाकड्यावर बसवून.

"मॅडम, याच्यात कळतं का, मानूस किती मर्द हाय?"
मी रबर बांधलं. मूठ वळ म्हटलं.
शीर चांगली होती.
"नाही. एवढंच कळतं की रक्तात हे किती आहे."
"मंग कामून मोजायचं?"

सांगता आलं असतं
की बाईचं म्हणतात ते द्रव्य थोडं तुझ्यातही आहे
आणि तुझं म्हणतात ते तिच्यात.
की शरीर एकातूनच दुसरं घडवतं,
जरा कुठं एक टोक खुडून, एक वळण बदलून,
एकाच पिठाची भाकरी, एकाच पिठाचं धपाटं.
नाही सांगितलं. जिन्यावर रांग होती.
कापूस दाबून धर म्हटलं, कोपर दुमडून.

मग द्वारका आली. पाळीचा दुसरा दिवस,
आम्हीच तो दिवस मागितला होता.
कालपासून चुलीला शिवली नव्हती ती, पाण्याच्या हंड्याला नाही,
आणि मी तिचा दंड धरून तिला शिवत होते.
सुई आत गेली तेव्हा तिनं तोंड फिरवलं भिंतीकडं,
भिंतीलाच विचारल्यासारखं हळू म्हणाली,
"ताई, मन होतं… ते बी याच्यातच असतं का?"
"कुणाचं मन?"
"माझं. महिन्यात चार-पाच दिस. मधीच.
त्येंचं नसलं तरी होतं.
मला वाटलं, कुणी भानामती केली."

नळी भरत होती, गडद.
"असतं," मी म्हटलं. "थोडं याच्यात असतं.
बीज सुटायच्या वेळी ते चढतं."
"आन बाकीचं?"
बाकीचं मला कोर्सला शिकवलं नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीनं नमुने संभाजीनगरला जातात,
थर्माकोलच्या डब्यात, बर्फावर.
परवा त्यात एक नळी माझी होती.
रबराचं टोक दातात धरून, डाव्या हातानं घेतलेली.
नाव लिहिलं सरस्वती, वय एकोणपन्नास. वय माझं, नाव आईचं.
आई पौषातल्या रात्री उठून ओट्याच्या फरशीवर गाल टेकायची,
पदरानं वारा घ्यायची,
आणि आबा आतून म्हणायचे, डोकं फिरलंय हिचं.
मी हल्ली फ्रिजचं दार उघडून उभी राहते.
पोरं समजतात, मॅडम किट शोधायल्यात.

पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले
तर त्यातला एक.
सरस्वतीच्या रिपोर्टवर लिहून आलं: दहापेक्षा कमी.
दहाच्या खाली यंत्राला दिसत नाही.
त्याच रात्री हे डेअरीवरून उशिरा आले,
अंगाला दुधाचा आंबूस वास, तळहात गार.
तो गार हात मी मानेवर ठेवून घेतला.
नंतर बराच वेळ तिथंच राहू दिला.
हे कुठल्या रकान्यात भरायचं, माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी दोघं आले रिपोर्ट घ्यायला.
त्याचा नॉर्मल. तिचा नॉर्मल.
ऐकून दोघंही हिरमुसले,
आता ढकलायचं कुणावर?
"मॅडम, एवढ्या आकड्यात एक बी खराब न्हाई?"
"नाही."
पैसे मोजले, पिशवीत कागद घातले, जिना उतरले.

खिडकीतून दिसत होते रसवंतीवर.
तो वाकून काहीतरी विचारत होता.
ती आधी नुसतीच हसली, मग
अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवून मोजू लागली,
एक, दोन, तीन,
चार बोटांची बारा पेरं संपली एका हाताची
तशी तेराव्यासाठी
तिनं त्याचा हात ओढून घेतला.